पिझ्झाच्या दुकानाची सोयरीक

नांदेडात एका पिझ्झाच्या दुकानात मी सहा वर्षं भट्टीवर हाय. पाटी कंपनीची, चालवणारा मालक वेगळा. आमचे मालक पोराकडं पुण्याला चालले, तर मला म्हनले, "चालू दुकान हाय, तूच घे. फकस्त कंपनीच्या मानसानं तुला पसंत करायला पायजे."

गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसायचं माझ्या लई मनात होतं. पन पसंत म्हनल्यावर डोस्कं सरळ सोयरिकीत गेलं. आमच्या चाकुराकडं पोरगं दाखवताना चुलत्याचं रानबी त्याचंच म्हनून सांगत्यात. माझ्या येळेस तर दारात दोन ट्रॅक्टर हुभे होते. हळद उतरायच्या आत दोन्ही आपापल्या घरी गेले.

कंपनीचा सायेब आला. पोरसवदा, मांडीवर लॅपटॉप. इचारलं, "खाण्याच्या धंद्यातलं अजून काही आहे का तुमचं?"

"हाय की. लातूर रोडला धाबा हाय." तो साडूचा.

"अजून?"

"चाकूरला स्टँडसमोर चहा-भज्याचं हॉटेल." ते भावाचं. "विष्णुपुरीला कॉलेजच्या पोरांची मेस." ती बायकोची, मी तिथं सकाळी कांदे चिरतो तेवढंच.

तो टाइप करून राहिला, मी फुगून राहिलो. अजून इचारलं असतं तर गल्लीतली रसवंतीबी माझीच निघाली असती.

मग तो म्हनला, "काका, नियम आहे. दुकान घेणाऱ्याचा दुसरा खाण्याचा धंदा चालत नाही. गिऱ्हाईक तिकडं वळतं. आधी हे तिन्ही सोडावे लागतील."

"सायेब, त्यातलं माझं काईच न्हाई."

त्यानं चष्मा काढून पुसला. हसू दाबत होता बहुतेक. म्हनला, "धाबा आणि हॉटेलवाल्यांकडून तसं लिहून आणा. मेस मात्र बायकोची असली तरी तुमचीच धरतात."

भावानं लगेच लिहून दिलं. साडू तर सही करताना म्हनला, "पाव्हणे, तुमचा हिस्सा फकस्त खाण्यात हाय, हे मी कवाबी लिहून दिलं असतं."

राहिली मेस. सकाळी विष्णुपुरीला गेलो. बायको भाकरी थापून राहिली होती. नियम सांगितला. तिनं तवा खाली उतरवला.

"तुमच्या नियमापायी ह्या चाळीस पोरांनी जेवायचं कुठं?"

मी चपला काढून आत गेलो.

"बंद कर म्हनायला आलाव न्हवं?"

"न्हाई," म्हनलं, "कांदे चिरायला आलो."

विळी घेतली अन बसलो. डोळ्यांतून पानी आलं, पन कांद्यामुळं कुनाला कळलं न्हाई. दुपारी सायबाला फोन करून न्हाई म्हनून सांगितलं.

दुकान दुसऱ्यानं घेतलं. मी हाय तिथंच, भट्टीवर. नवा मालक खुर्चीवर बसतो अन दुपारी माझ्या बायकोच्या मेसचा डबा मागवून खातो. हे नियमात बसतंय का न्हाई, मी इचारलं न्हाई. डबा मीच नेऊन देतो.