योगिनीच्या पिवळ्या पट्ट्या

माझी धाकटी जाऊ योगिनी मूळची नांदगावची, इथे एका शाळेच्या ऑफिसात लिपिक. पुढचे दात बाहेर, म्हणून लहानपणी वर्गातली पोरं तिला ‘फावडी’ म्हणायची. छत्तिसाव्या वर्षी तिने दात सरळ करायला पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेतल्या. दर पंधरा दिवसांनी नवा जोड. साध्या पाण्याखेरीज काहीही खाता-पिताना त्या काढायच्या, नाहीतर डाग धरतात. दिवसाला सहा कप चहा ढोसणारी बाई दोन कपांवर आली. जिद्दीची आहे, ते मी नाकारत नाही.

तिच्या नवऱ्याच्या, सोमनाथभाऊजींच्या, ऑपरेशनच्या वेळी ती वणीच्या देवीला नवस बोलली होती : नवरात्राचे नऊ दिवस उपास करीन आणि गडावर स्वतःच्या हाताने ओटी भरीन.

चौथ्या माळेला ती बेसिनपाशी पट्ट्या घासत होती. पिवळ्याधमक!

“ह्या कशानं गं अशा?”

“चहानं असतील, ताई.” माझ्याकडे न बघताच म्हणाली.

चहा उपासाला चालतो. हळद चालत नाही. आणि चहाचा रंग असा असतो होय?

तिच्या डबीतल्या जुन्या पट्ट्या मी गुपचूप काढल्या. एक चहात बुडवली, एक मुलांच्या वरणात. दुसऱ्या दिवशी बघते तर चहातली मळकट तपकिरी, वरणातली पिवळी. म्हणजे बाईनं ऑफिसात कुणाच्या तरी डब्यातलं खाल्लं. मोडल्या नवसाची ओटी घेऊन गडावर जायचं?

सहाव्या माळेला दोन्ही वाट्या तिच्यापुढे ठेवल्या. “ओटी मी भरीन. तू नको.”

“ताई, तुम्ही माझ्या पट्ट्या वरणात घातल्या?”

“विषय बदलू नकोस. हळद कुठून आली?”

तिचे डोळे भरले. “तुमच्याच हातून आली. देवीच्या टाकाला हळद लावून स्नान घालता, तेच तीर्थ दोन्ही वेळा माझ्या हातावर ओतता ना?”

“मग पट्ट्या काढून घ्यायचं!”

“तोंडात बोटं घातली की हात उष्टा. परवा नुसता केसांना हात लागला, तर हात धुवायला पिटाळलंत. नंतर चूळ भरावी, तर तीर्थ थुंकल्यासारखं. मग तसंच गिळते नि बसला पळते.”

“अन् चहा कशाला सांगितलास?”

“तीर्थाचा डाग पडला, असं तुमच्या तोंडावर कोण म्हणेल?”

मला पटेना. ताम्हनातलं पाणी वाटीत घेऊन तिसरी जुनी पट्टी त्यात सोडली आणि वाटी कपाटात कुलपात ठेवली. कुणी हात लावायला नको. सकाळी ती पट्टी पिवळी निघाली.

त्या दिवशी मीच तिला म्हटलं, “आधी पट्ट्या काढ, हात धू, मग तीर्थाला ये.”

“बस जाईल, ताई.”

“जाऊ दे.”

आठव्या माळेला गडावर ओटी तिनंच भरली. मी शेजारी नारळ धरून उभी होते. उतरताना गाडीत मात्र राहवलं नाही. “डब्यातलं खरंच काही खाल्लं नाहीस ना गं?”

“देवी आत्ता तर समोर होती. तिलाच विचारायचं,” योगिनी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली.