तिसऱ्या दिवशीची चिंधी

महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, भादव्याच्या तोंडावर, आमच्या कंपनीतले तेरा जण देवगाव फाट्यावर तैनात झाले. निजाम सरकारची फौज, पायदळ. काम साधं होतं. फाट्यावर पहारा द्यायचा आणि सेलूच्या बाजूला रेल्वेपर्यंत गस्त घालायची. पाच तंबू, एक लंगर, म्हणजे स्वयंपाकाची जागा, एक विहीर. भोवती डोक्याच्या वर गेलेली ज्वारी.

मी आर्मरर नाईक होतो, म्हणजे रायफलींची देखभाल करणारा. लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, सोडून प्रत्येकाची एक, अशा बारा रायफली. हत्यारं ठेवायच्या तंबूला आम्ही कोत म्हणायचो आणि त्याची चावी माझ्या कमरेला असायची. लोक मला विचारतात, लढाईवर गेला नाहीत तर आठवणी कसल्या सांगता? बरोबर आहे. मी शत्रू पाहिला नाही. मी जे पाहिलं ते आमच्याच तंबूंत पाहिलं.

तुकडीचे प्रमुख हवालदार उस्मान खान. वय चाळीस, आवाज हळू, शिस्त कडक. त्यांच्याखाली नाईक भगवान. हे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे, गोदाक्काचे नवरे. मला पेडगावच्या वावरातून उचलून फौजेत भरती त्यांनीच केलं. पहिली पगडी त्यांनी बांधून दिली. माणूस उमदा, पण राग नाकावर. गावाकडं म्हणायचे, भगवान म्हणजे वाळलेला कडबा, काडी लागायचा अवकाश.

त्या महिन्यात हवालदार तीन आठवडे हैदराबादला हेडक्वार्टरला गेले होते. तेवढ्यात शिपाई लिंबाजी वारला. नवा होता, दोन महिन्यांची नोकरी. दुपारी विहिरीजवळ कोसळला. बाकीचे गस्तीला होते, मी तेल आणायला सेलूला गेलो होतो. दाजींनी रिपोर्ट दिला: उन्हाचा झटका. भादव्याचं ऊन माणसाला मारतंच, कुणी काही विचारलं नाही. आम्ही त्याला ओढ्याकाठी अग्नी दिला.

हवालदार परत आले त्या दिवशी संध्याकाळी शिपाई किसननं त्यांच्याशी तोंड वाजवलं. किसन राणीसावरगावचा. आई आजारी होती, रजा मिळाली नव्हती.

"माय मरायलीय तिकडं, आन् तुमी कागद बघत बसलाव! बघून घेतो एकेकाला!"

हे सगळ्या तुकडीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नेहमीसारख्या रायफली वाटल्या. तासभर सगळ्यांनी आपापल्या जागी सज्ज राहायचं, दाजींनी फिरून बघायचं, सहाला चहा, असा नेम होता. पाच चाळीसला ज्वारीतून एक बार ऐकू आला. कुणी हललं नाही. कणसं दुधात होती, राखणदार रानडुकरांवर बार काढायचेच. सव्वासहाला लांगरी पाण्याला गेला आणि ओरडत परत आला. हवालदार उस्मान खान ओढ्याच्या वाटेवर पालथे पडले होते. गोळी पाठीतून गेली होती. हातातला तांब्या सुटून बाजूला पडला होता.

कंपनीचे कॅप्टनसाहेब सेलूहून जीपनं साडेनऊला पोचले. साहेब उर्दूत बोलायचे, मी मराठीत सांगतो.

"रायफली पाहिल्या?"

"सात वाजता पाहिल्या साहेब. सगळ्या नळ्या स्वच्छ. वासही नाही."

"गोळ्या?"

"कुणाची कमी नाही."

त्याला अर्थ नव्हता. रेंजवर सरावाला मिळालेली एखादी गोळी खिशात ठेवून घेणं कुणालाही जमतं. साहेबांनी किसनला उभं केलं. बार उडाला तेव्हा तो आपल्या जागेवर नव्हता. पोट बिघडलं होतं म्हणाला. आदल्या दिवशीचं बोलणं सगळ्यांच्या कानात होतंच. त्याला बेड्या घातल्या. तीन दिवसांनी परभणीला नेऊन पुढे कोर्ट मार्शल, असं ठरलं.

मी एकच विनंती केली. "साहेब, तीन दिवस एकही रायफल कोतातून बाहेर काढू नये. पहाऱ्याला दुसऱ्या मागवाव्यात."

"का?"

"नळीला घाम सुटतो, साहेब."

हे सिव्हिलियन माणसाला समजावून सांगावं लागतं. गोळी उडाली की नळीत काजळी बसते. उकळतं पाणी ओतून, चिंधीनं पुसून, तेल लावून ती लख्ख करता येते. पण पोलादात शिरलेली काजळी लगेच सगळी निघत नाही. दोन-तीन दिवस हळूहळू बाहेर येत राहते. म्हणून फायरिंगनंतर आम्ही सलग तीन दिवस नळी पुसायचो. मी हे तुकडीला दहादा शिकवलं होतं. चहाच्या वेळी लंगरात पाणी उकळतच असतं, त्यामुळे त्या सकाळी कुणीतरी नळी धुतली असणार हे उघड होतं.

साहेबांनी मान हलवली. "चावी तुझ्याकडेच ठेव."

पहिल्या दिवशी बाराही नळ्यांतून चिंधी पांढरी आली. दुसऱ्या दिवशीही पांढरी. मला आपलाच संशय येऊ लागला. किसन बेड्यांसकट तंबूच्या खांबाला टेकून बसायचा. मी पाणी द्यायला गेलो तेव्हा म्हणाला, "नाईकसाब, माझ्या मायला एवढं कळवा, पोरगं खुनी न्हाई. बाकी काय लिहू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पुन्हा सुरुवात केली. आठ रायफली स्वच्छ निघाल्या. नवव्या नंबरची चिंधी बाहेर आली ती काळपट, कडेला गंजाचा तांबूस डाग. मी दुसरी चिंधी घातली. तीही तशीच.

नऊ नंबर दाजींची होती.

मी खाली बसलो. साहेब बाराला येणार होते. दोरीला कोरडी चिंधी लावून दोनदा ओढायची, मग तेलाची एकदा. मिनिटभराचं काम. माझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. मी खरं सांगतो, तेलाची चिंधी मी हातात घेतली होती. डोळ्यांपुढे गोदाक्का होती. दाजींचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता.

दाजी आत आले. चिंध्या पाहिल्या. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"निघाला का घाम?"

"दाजी, तुमी?"

ते पेटीवर बसले. लिंबाजी सलाम करायला चुकला होता. त्यांनी त्याच्या पिठ्ठूत, पाठीवरच्या पिशवीत, दगड भरले आणि भर दुपारी विहिरीभोवती पळवला. पडला की उठवायचा, उठला की पळवायचा. शेवटी तो उठलाच नाही. परत आल्यावर हवालदार मेलेल्याचं सामान घरी पाठवायला बसले आणि त्यांनी पिठ्ठू उघडला. दगड तसेच होते. ते काढायचं दाजी विसरले होते.

"हवालदारानं रात्रीच मला बोलावलं. म्हणला, सुबह तक का वक्त है, भगवान. खुद जाके साहब को बोल." दाजी जमिनीकडे बघत होते. "मला लाज वाटली रे. गावात काय तोंड दावू?"

"आन् किसन?"

"त्याला सोडतील. पुरावा काय हाय?"

"फाशी द्यायलेत त्याला, दाजी. घाम सुटतो हे तुमाला ठावं व्हतं. मग?"

"ठावं व्हतं. चावी तुझ्याकडं हाय म्हणून निवांत व्हतो." त्यांनी माझ्या हातातल्या चिंधीकडे बोट केलं. "ओढ एकदा. तुझी बहीण हाय घरी."

ते तंबूचा पडदा सारून निघून गेले. पळाले नाहीत. माझ्यावर त्यांचा एवढा भरवसा होता, आणि त्याचंच मला आजही सगळ्यात जास्त दुःख आहे.

अकरा पन्नासला जीप आली. मी सावधानमध्ये उभा राहिलो.

"रिपोर्ट?"

"नंबर नऊ, साहेब."

"कुणाची?"

"नाईक भगवान. माझ्या बहिणीचे नवरे."

साहेबांनी चिंध्या उजेडात धरून पाहिल्या. मग विचारलं, "खात्री?"

"आहे, साहेब."

दाजींना बोलावलं. त्यांनी नाकारलं नाही. स्वतःचा पट्टा स्वतः सोडून टेबलावर ठेवला. दगड भरलेला पिठ्ठू स्टोअरच्या तंबूत सापडला. सव्वाबाराला किसनच्या बेड्या काढल्या आणि त्याच घातल्या दाजींना. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी सॅल्यूट केला. का केला, मला सांगता येणार नाही.

त्यांना हैदराबादला फाशी झाली. किसनला रजा मिळाली, आई जिवंत भेटली. गोदाक्का मुलाला घेऊन माहेरी आली. मी सुट्टीवर गेलो की ती ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि आत जायची. मी समोर असलो की आईलाच सांगायची, "त्याला भाकरी पायजे का विचार." अशी चार वर्षं गेली. रियासत गेली, आमची तुकडी मोडली, मी कायमचा पेडगावला आलो.

त्याच वर्षी पित्तरपाटात सर्वपित्रीच्या दिवशी मी ओसरीवर बसलो होतो. आक्का चुलीपुढं होती. दाजींना आवडायची म्हणून पुरणाची पोळी आणि कढी झाली होती. मेलेल्याच्या आवडीचं केलं तरच कावळा शिवतो, असं आमच्याकडे मानतात. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि माझ्याशी बोलली.

"तो लिंबाजी. त्याला काय आवडायचं?"

मला माहीत नव्हतं. दोन महिने माझ्या शेजारच्या तंबूत राहिला आणि मला त्याच्या रायफलीचा नंबर तेवढा ठाऊक होता. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं, त्याला गोड ठिवते." मग थांबून म्हणाली, "आन् त्या हवालदाराला?"

"खिचडी-खट्टा," मी म्हणालो. "मसुरीची खिचडी आणि चिंचेचा खट्टा. दर शुक्रवारी लंगरात सांगायचे."

"खट्टा मला येत न्हाई."

"भाजलेले तीळ वाटायचे. कच्चा कांदा, हिरवी मिरची. चिंचेचं पाणी."

"तर मग ऊठ," आक्का म्हणाली. "कावळे यायच्या आत व्हायला पायजे."

मी उठलो आणि चिंच भिजत घातली.