सहा घरांना केलेले फोन

रत्नागिरीच्या मांडवीतली मथुरा शिवलकर मूळची शिवणकाम करणारी. अजूनही तिच्या पुढच्या खोलीत मशीन आहे आणि ब्लाउजांच्या पिशव्या खुंटीला लटकलेल्या असतात. पण तिचं घर कुणी विचारलं तर लोक सांगतात, "ती कुत्र्यांवाली ना? भुंकणं ऐकू येईल तिकडे जा." नवरा दीपक बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. बदली होऊन गेलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी आपली लॅब्रेडॉर कुत्री 'चार दिवस सांभाळा' म्हणून ठेवली, ती न्यायला कुणी आलंच नाही. त्या कुत्रीची लेक म्हणजे रेवा.

रेवाला गेल्या एप्रिलमध्ये सात पिल्लं झाली. सातही एका रंगाची, म्हणून मथुराने शिवणातल्या चिंध्यांच्या सात वेगवेगळ्या पट्ट्या त्यांच्या गळ्यात सैल बांधल्या. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेकाचं वजन. डोळे उघडल्यावर त्यांना मिक्सरचा आवाज, शिवणाच्या मशीनचा आवाज, पायांखाली अंगणातला खरखरीत जांभा दगड, सगळ्याची सवय लावायची. दोन महिने पुरे झाल्याशिवाय पिल्लू घराबाहेर जायचं नाही, हा तिचा नेम. घ्यायला येणाऱ्याला ती आधी रेवा दाखवायची आणि मग इतके प्रश्न विचारायची की दीपक एकदा म्हणाला, "अगो, पोरीचं स्थळ बघतानासुद्धा एवढं विचारणार नाहीस तू."

ती पोरगी, ईशा, कॉलेजात जाते. कुत्र्यांच्या शर्यतीचं खूळ तिनेच आणलं. साधी धावण्याची शर्यत नव्हे; अडथळ्यांवरून उड्या, बोगद्यातून पार, फळीवरून चढ-उतार, आणि मालकाने नुसत्या हाताने नि आवाजाने वाट दाखवायची. मथुराने प्लंबरकडून उरलेले पाइप आणून अडथळे केले, रेनकोटच्या कापडाचा बोगदा शिवला. ओहोटीला किनाऱ्यावरची वाळू घट्ट झाली की मायलेकी रेवाला घेऊन उतरायच्या. गेल्या वर्षी कोल्हापुरात रेवाचा तिसरा नंबर आला. पन्नाशीला टेकलेली, साडी खोचून कुत्रीबरोबर धावणारी बाई बघून तिथले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

यंदाच्या कोल्हापूरला बारा दिवस उरले होते, तेव्हा दापोलीहून ओमकारचा फोन आला. त्याची कलमांची नर्सरी. रेवाच्या सात पिल्लांतला बंड्या त्याच्याकडे गेला होता.

"ताई, बंड्या लंगडतोय. इथल्या डॉक्टरांना खुब्याचा दोष वाटतोय. एक्सरे काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही म्हणाले. पण तसं असलं तर ते आईबापाकडून येतं म्हणे."

मथुरा मशीनवरच बसली होती. पाय पायट्यावर तसाच राहिला.

ओमकार रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. तो म्हणाला, "आम्ही गिऱ्हाइकाला कलम देतो तेव्हा आधी आईझाड दाखवतो. तुम्ही पण रेवा दाखवलीत. तेवढ्यावर मी विश्वासाने नेला."

रेवा दाखवली होती, पण रेवाचे खुबे कुणी पाहिले होते? जोड लावण्याआधी एक्सरे काढायला हवा, हे मथुराला ठाऊक होतं. तेव्हा त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहिलं. एवढ्या उड्या मारणाऱ्या कुत्रीच्या खुब्याला काय धाड भरलीय, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

त्या दिवशी ती जेवली नाही. बंदरातून दीपकचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"एकाचं दुखतंय ना? त्याचं बघू," तो म्हणाला. "बाकीच्यांना आत्ताच कशाला सांगतेस? उगाच नाव खराब."

"आणि त्यांची पिल्लं आत्ता जिने चढतायत, उड्या मारतायत, त्याचं काय? दोष असला तर आत्ताच जपायला हवं."

दीपक म्हणाला, "कर बाई. तुला झोप लागणार नाही नाहीतर."

तिने आधी कोल्हापूरच्या आयोजकांना फोन करून रेवाचं नाव मागे घेतलं. मग वही काढून सहा घरांना एकापाठोपाठ फोन केले. तेच वाक्य सहा वेळा: नक्की नाही, पण दोष असू शकतो, एक्सरे होईपर्यंत जपा, आणि पिल्लू परत द्यायचं असेल तर मी घेईन. चौघांनी शांतपणे ऐकून घेतलं. चिपळूणचा सागर मात्र भडकला. "आता सांगताय? पोरांना लळा लागल्यावर?" त्याने फोन ठेवून दिला. शेवटचा फोन लांज्याच्या गंगुबाईंना. त्या म्हणाल्या, "माझेच गुडघे धड नाहीत गो. परत कशाला पाठवू? आम्ही दोघी सावकाश चालू."

तेव्हा मथुराला पहिल्यांदा रडू आलं.

रत्नागिरीत आता जनावरांच्या डॉक्टर मनस्वींकडे एक्सरेची सोय झाली होती. ठरल्या दिवशी ओमकार बंड्याला नर्सरीच्या टेम्पोत घालून पहाटे निघाला आणि दहाला पोचला. मथुरा रेवाला घेऊन आधीच बाकावर बसली होती. बंड्या टेम्पोतून उतरला तो खरंच लंगडत. तरीही मथुराला ओळखून त्याने आख्खं अंग हलवलं.

डॉक्टरांनी त्याला आधी पोर्चमध्ये चालवून पाहिलं. मग थांबून ओमकारला विचारलं, "हा पुढचा उजवा पाय धरतोय. तुम्ही तर फोनवर मागचा म्हणाला होतात."

"आधी मागचा डावाच होता. तो बरा वाटला, मग परवापासून हा."

"म्हणजे पाय बदलतोय?"

डॉक्टर खाली बसल्या. त्यांनी बंड्याच्या पुढच्या पायाच्या लांब हाडावरून बोटं दाबत नेली. मध्यावर बोट येताच बंड्या केकाटला. मागच्या खुब्याला हात लावला, वाकवला, ताणला, तर तो त्यांचा कान चाटायला लागला.

"ताई, मला काही वेगळंच वाटतंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण एक्सरे काढूच. दोघांचाही."

दोघांना गुंगीचं इंजेक्शन दिलं. मथुरा बाहेर बसली. ओमकारने चहा आणून हातात दिला, तो तिने तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी आत बोलावलं. पडद्यावर पांढरी हाडं दिसत होती.

"बंड्याचे दोन्ही खुबे छान आहेत. गोल डोकं, खोल वाटी, बघा. हे जे आहे ना, ते वाढत्या वयाचं हाडांचं दुखणं. मोठ्या जातीच्या पिल्लांना होतं, एका पायातून दुसऱ्या पायात फिरतं आणि आपोआप जातं. दुखण्यापुरती गोळी देते. दोन वर्षांचा झाला की खुबे पुन्हा एकदा बघू."

"आणि रेवा?" मथुराने विचारलं.

"रेवाचे त्याहून चांगले. खुशाल पळवा."

ओमकार मोठ्याने हसला. मथुरा म्हणाली, "एक्सरे मी आधीच काढायला हवा होता. चुकलंच माझं." तो म्हणाला, "कलम करताना आमच्याही चुका होतात ताई. पण फोन करून कुणी सांगत नाही."

परतताना ओळखीच्या भागोजीची रिक्षा मिळाली. गुंगीतली रेवा मथुराच्या मांडीवर पसरली होती, जीभ एका बाजूला लोंबत होती, आणि मथुरा पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडत होती. भागोजीने आरशात दोनदा पाहिलं, मग रिक्षाच हळू केली.

"वैनी, गेली काय वो बिचारी?"

"नाही हो. एकदम बरी आहे."

"मग रडताय कशाला?"

मथुराला रडता रडता हसू फुटलं. दुपारी ईशाने वाढलेला भात तिने दोनदा मागून घेतला आणि मशीनच्या बाजूला चटईवर जी आडवी झाली ती थेट दिवेलागणीला उठली.

उठल्यावर पुन्हा सहा फोन केले. सागर ओशाळून म्हणाला, "ताई, त्या दिवशी तोंड सुटलं माझं." पलीकडे पोरांचा आणि कुत्र्याचा गोंधळ चालला होता. "सुटणारच," मथुरा म्हणाली. "पण खायला जरा बेताने घाला त्याला. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फुगलेला दिसतोय."

कोल्हापूर हुकलं ते हुकलंच. फेब्रुवारीत पुण्याला रेवा धावली. अडथळ्याची एक दांडी पाडली आणि पाचवी आली. बंड्याचं लंगडणं तोवर पार गेलं होतं. हल्ली नर्सरीतल्या पिशव्यांतली कलमं उपटतो म्हणून ओमकारची तक्रार असते, आणि ती तक्रार ऐकायला मथुराला फार बरं वाटतं.