शामकलेची पार

"बाबा, तलाव काय मले बेडी घालून राहिला का?"

"मग जा ना! तिथं पाणी कोण दाखवते तुले, तेच पाहतो!" उदाराम कडाडले.

गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या गावात, दाराआड धान पाखडत शामकलेनं सासऱ्याचं अन् नवऱ्याचं हे सारं ऐकलं. नवरा उमराव गोंदियाला रेल्वेत फिटर. आता आफ्रिकेत जायचा, नैरोबीच्या रेल्वेत पाच वर्षांचा करार करून घरी आला होता. बापलेक भांडभांड भांडले, पण "तू येतेस का?" असं तिला कोणी विचारलं नाही. घरातल्या सुपाला कोण विचारते, चालतेस का म्हणून?

दोघं नैरोबीत पोचली, पण रेल्वेचं क्वार्टर रिकामं नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या पाहिल्या. एक वर टेकडीवर, कारखान्याजवळ, कोरडी ठणठणीत. दुसरी खाली दलदलीच्या काठाला. उमरावचं मन वरच्या खोलीत. पण शामकला कोहळी जातीची, तलाव बांधणाऱ्यांची लेक. पाणी दिसत नाही तिथं तिच्या माहेरी कोणी चूल मांडत नाही. खाली बेडकं ओरडत होती. "हेच घ्या," ती म्हणाली, "गावासारखं वाटते." घरमालकाला वर्षाचा शब्द दिला.

पाऊस लागला अन् काळी माती फुगली. गल्लीत गुडघाभर चिखल. उमराव जोडे हातात धरून कामावर जाई. माणसानं ओढायची रिक्षा वर सडकेवरच थांबे. ओढणारा खाली पाहून म्हणे, "हपाना." म्हणजे नाही. त्या मुलखाचा तोच एक शब्द तिला पाठ झाला. अन् इकडे तिचे दिवस भरत आलेले, दवाखाना टेकडीपल्याड.

"वेळ आली तं कसं?"

"उचलून नेईन."

"धानाचं पोतं उचलताना कंबर धरता, मले उचलता म्हणे!"

खोली तिनंच निवडलेली. शिव्या तरी कोणाला द्यायच्या?

गावी उन्हाळ्यात तलावावर जाणारी प्रत्येक बाई पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, टोपलीभर माती टाकून येते. तिनं दारापासून सडकेकडे तेच सुरू केलं. दलदलीतलं लव्हाळं कापून आडवं घातलं, वर टेकडीचा मुरूम. सकाळी पाहावं, तर चिखलानं सारं गिळलेलं. शेजारची गुजरातीण हसली, "बहन, इसका पेट नहीं भरेगा."

"माझं भरलं ना? याचंही भरन."

कळा लागल्या तेव्हा तिची पार सडकेला भिडली होती. रिक्षावाल्यानं वाकून पाहिलं, पायानं मुरूम दाबून पाहिला. यावेळी हपाना म्हणाला नाही. पोरगा देवचंद दवाखान्यात झाला, सुखरूप.

अन् त्याच पारीवरून रिक्षानं तिला परत त्याच खोलीत आणून सोडलं. वर्ष सरलं तसं ती म्हणाली, "आता वर जाऊ."

"कायले? आता तं दारात रिक्षा येते," उमराव म्हणाला. करार संपेपर्यंत बेडकांच्याच शेजारी राहावं लागलं. तिनंच बांधलेल्या रस्त्यानं तिला तिथं बांधून ठेवलं.

गावी परतली ती नैरोबीवाली होऊन. पुढं बाकीच्या बायांनी पारीवरची टोपली सोडली, हिची सुटली नाही. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात सून सुभद्रा म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या अंगात ताप हाय, आज राहू द्या."

"हपाना," म्हातारी म्हणाली. टोपली भरली, पारीवर रिती केली, माती पायानं दाबली. मग टोपली तलावात खंगाळून घरी आणली अन् दाराशी पालथी ठेवली.