सोडाल्यातली सॅक्सोफोनची शिकवणी

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठी मी घरी बोलून शिकलो, शाळेत नाही. शाळा जयपुरातली, हिंदीतली. शिवाय मी कलाकारही नाही. सॅक्सोफोन जेमतेम वाजवतो. पण ज्यांनी तो शिकवला त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस.

त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. माझे बाबा रेल्वेत रुळांवर काम करतात. काका रेल्वेच्याच वर्कशॉपमध्ये फिटर होते. दोन्ही घरं विदर्भातली, बदलीने इकडे आलेली. लहानपणी काका गावच्या बँडमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवायचे. जयपुरात आल्यावर लग्नसराईत ड्यूटी संपली की लाल कोट चढवून इथल्या बँडबरोबर वरातीत सॅक्सोफोन वाजवायला जायचे. निवृत्त झाल्यावर जयपुरातल्याच सोडाला भागातल्या घरी त्यांनी शिकवण्या सुरू केल्या.

त्यांची शिकवायची रीत सगळी वरातीतून आलेली. वरातीत एखादा चुकीचा सूर कुणाच्या लक्षात येत नाही, पण मध्येच आवाज बंद पडला तर नाचणारे थांबतात. म्हणून बँडमधले दोन सॅक्सोफोनवाले एकाच वेळी श्वास घेत नाहीत. एक घेतो तेव्हा दुसरा सूर धरून ठेवतो. काका प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर असेच जोडीने वाजवत, तेही गच्चीवर चालत चालत. पहिल्या दिवशी माझं बोट चुकलं आणि मी जागीच थांबलो.

"कायले थांबला बे?"

"चुकलं, काका."

"चुकलं तं चुकलं. नवरदेव काय घोड्यावरून उतरून तुले जाब विचारणार हाय? चाल पुढं."

कॉलेजच्या वर्गातही मी असाच थांबायचो. उत्तर येत असायचं, पण इंग्रजीतला पहिला शब्द चुकला की बाकीचे घशातच राहायचे. काकांबरोबर वाजवताना माझा श्वास संपायचा, गाणं मात्र चालूच असायचं, आणि मला पुन्हा त्यात शिरता यायचं. सांगायला संकोच वाटतो, पण त्याच वर्षी मी वर्गात उभं राहून माझा विषय अख्खा मांडला. अडखळत, पण शेवटपर्यंत.

विद्याधर नगरातून विमा कंपनीतल्या साहेबांची मुलगीही शिकायला येते. तिच्या आईने एकदा विचारलं, "काका, तुम्ही नोटेशन नाही शिकवत?"

"शिकवतो ना ताई. पन आधी तिले फुकू तं द्या!"

मग मागच्या हिवाळ्यात काकांच्या हिरड्या बिघडल्या आणि वरचे पुढचे दात काढावे लागले. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकतात. तो टेकू गेला की सूर टिकत नाही. कवळी बसवली, पण फुंकलं की ती हलायची आणि नुसती हवा बाहेर यायची.

"आता शिव्या देल्या तरी फुर्रकन उडून जातात," काका हसत म्हणाले.

"बरंच झालं," काकू आतून म्हणाल्या, "तेवढीच घरात शांतता."

हसलो आम्ही सगळे. पण सॅक्सोफोन पेटीत गेला तो गेलाच. शिकवणी मात्र एकदाही बंद पडली नाही. माझी आणि त्या मुलीची जोडी लावून काका आमच्या मधून चालायचे. कुणाचा श्वास संपत आलाय हे त्यांना आमच्या आधी कळायचं. सूर धरून ठेव, अशी खूण म्हणून ते दुसऱ्याच्या पाठीवर हलकेच हात ठेवायचे. त्यांच्या मोकळ्या हाताची बोटं तेव्हा सॅक्सोफोनवर चालावीत तशी शर्टाच्या गुंड्यांवर चाललेली असायची. मला ते बघवत नसे. ज्यांच्यामुळे मला आवाज मिळाला त्यांचाच आवाज आता कायमचा गेला की काय, एवढंच मनात यायचं.

एकदा धीर करून म्हटलं, "काका, कवळी जरा घट्ट करून पुन्हा एकदा बघता का?"

ते गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. "बेसूर वाजवायची लाज नाही रे मले. वाजतच नाही, त्याची वाटते."

मी खाली जाऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन आलो.

त्यानंतर कॉलेजच्या शिबिरासाठी आम्हाला एका खेड्यात नेलं. तिथे फोन लागत नव्हता. परतताना बस हायवेला आली आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. माझ्या फोनवर काकूंच्या आवाजातला मेसेज होता, पाठवताना चुकून दोनदा आलेला.

"ऐक बेटा, काकांनी आज वाजवलं. खालच्यासारखा वरचाबी ओठ कवळीच्या दातावर दुमडून घेतला म्हणे, जुने क्लॅरिनेटवाले घेत तसा. पयले नुसतं फुसफुस झालं. मले वाटलं आता ठेवतात पेटीत. पन नाही ठेवलं. मंग आवाज निघाला. बारीक हाय, पन निघाला. शेजारच्या भाभीजी जिन्यातून विचारत होत्या, शिकवायला नवीन कोन आलं म्हणून. मी म्हटलं, कोनी नाही आलं, आमचेच हायत."