दानिशनं दाखवलेली जागा

दानिशचा धंदा काय, हे अकोल्यात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. त्याची आई बिल्कीस तर या प्रश्नानं पार वैतागली होती. पोरगा शिकला, कच्छच्या आखातात नोकरीला लागला, आणि तिथं करतो काय? तर भरती-ओहोटीचं पाणी किती खळबळतं ते मोजतो! समुद्राच्या तळाशी पंखे बसवायचे, भरतीच्या जोरानं ते फिरणार, वीज होणार. पण पाणी वेडंवाकडं आदळलं तर पाती मोडतात, म्हणून आधी खळबळ मोजायची. आता मोर्शीच्या संत्रेवाल्याकडं मुलगी मागायला जाताना हे कसं सांगायचं? बिल्कीसनं सोपं करून निरोप धाडला, "पोरगा मशीननं पाणी पाहाते."

झालं! दोन हजार चारचा उन्हाळा होता. मोर्शीकडं बोअर खोल खोल चालले होते आणि बागा उभ्या वाळत होत्या. त्या मुलखात पाणी पाहणारा म्हणजे पानाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरायचं, नारळ उभा राहिला की तिथं बोअर मारायचा. त्या संत्रेवाल्या वाहेदमियांच्या बागेत असे चार पानाडे फिरून गेले होते आणि चारही बोअर कोरडे निघाले होते. मशीनवाला मात्र अजून आला नव्हता. मियांनी उलट निरोप दिला, की पोरगा पसंत आहे, फक्त येताना मशीन आणा.

आणि दानिशचं नशीब बघा, मशीन नेमकं घरीच होतं! हैदराबादहून दुरुस्त करून परत नेताना तो अकोल्यात उतरला होता. घागरीएवढी पिवळी वस्तू, वर काचेसारखे चार डोळे. कामात हा माणूस महाखट. तळाशी मशीन जरा कलंडलं असेल, तर महिनाभराचे आकडे फेकून द्यायचा. साहेब हातापाया पडला तरी ऐकायचा नाही.

मोर्शीत चहा घेऊन मियांची मुलगी अमरीन आली. उर्दू शाळेत शिकवायची. तिनं दानिशकडं एकदा सरळ पाहिलं, हसू दाबलं आणि आत गेली. दानिशचा जीव तिथंच अडकला. समुद्रातली नोकरी ऐकून आधीच्या तीन घरांनी नकार दिला होता. हे घर हातचं जाऊ नये, एवढंच आता त्याला कळत होतं.

चहा संपला न संपला तोच सगळे बागेत.

"चाचा, हे इथं नाही चालत," दानिशनं खरं ते सांगितलं. "हे पाण्यात आवाज सोडते. पाण्यातल्या गाळावर आपटून आवाज परत येते, त्याच्यावरून खळबळ समजते. पाणी असंल तिथंच चालते."

वाहेदमियांचा चेहरा उजळला. "म्हंजे पाणी नसंल तिथं बंद राहीन?"

"बंदच राहीन."

"मंग अजून काय पाह्यजे बापा! फिरव बागंतून. जिथं चालू होईन तिथं बोअर!"

आता बोला! याचं उत्तर कुठल्या कॉलेजात शिकवतात? दानिशनं मशीन खांद्यावर घेतलं आणि निघाला. मागं वाहेदमियां, त्यांच्यामागं ओठातल्या ओठात दुआ पुटपुटत बिल्कीस, आणि मग अर्धी मोर्शी. शेजारच्या बागेतले भगवंतराव गुरुजी हळदकुंकू घेऊन आले, मशीनच्या चारही डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, "वाहेदभाऊ, जरा माह्या बागंच्या धुऱ्यावरून बी जाऊ द्या."

ऊन डोक्यावर आलं. मशीन मुकं ते मुकंच. मियांचा चेहरा उतरत चालला. बिल्कीसनं पोराच्या दंडाला चिमटा काढला. "अरे, बोट दाखवाले काय जाते तुहं? पोट्टी हातची जाईन!"

मला माहीत नाही, असं सांगायला दानिशनं तोंड उघडलं. तेवढ्यात बागेलगतच्या घराच्या दारात उभी असलेली अमरीन दिसली. आणि या खट माणसानं एका संत्र्याच्या झाडाखाली बोट दाखवलं.

"इथं," तो म्हणाला. इतक्या ठाम आवाजात, की तो स्वतःच दचकला.

आठवड्यानं बोअरची गाडी आली. दिवसभर धडधडली. पिठासारखी धूळ झाडांवर बसली, माणसांवर बसली, पाण्याचा थेंब काही आला नाही. आता सोयरीक मोडणार, आणि मोडायलाच पाहिजे, असं मनाशी म्हणत दानिश मान खाली घालून उभा राहिला. मियांनी दाढीवरची धूळ झटकली. "मशीन खरंच हाय. पाणीच खाली सरकलं, त्याले मशीन काय करीन?" म्हणाले, आणि निकाहची तारीख धरली. त्या माणसात शंका घ्यायचं बळच उरलं नव्हतं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर दानिशला बरं वाटलं असतं.

निकाहानंतर दोघं एसटीनं अकोल्याला निघाली. रस्त्याच्या कडेला तोडलेल्या संत्र्याच्या झाडांची लाकडं रचून ठेवली होती.

"तिथं पाणी हाय का नाही, तुमाले ठाऊक होतं?" अमरीननं विचारलं.

"नाही. काहीच ठाऊक नव्हतं."

"मंग बोट कावून दाखवलं?"

"तुमी नाही म्हणसान म्हणून."

अमरीननं खिडकीबाहेरच्या लाकडांवरून नजर काढली.

"मी तं चहाचा ट्रे आत नेला तवाच अम्मीले हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "अन् तुमच्या बोअरच्या पैशासाठी अब्बांनी नाल्याकडची झाडं तोडून लाकडं इकली. ती झाडं अजून हिरवी होती."