सदतीस नंबरचं पाऊल

आमच्या कारखान्यात माझ्या मावशीला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे तिला सदतीस म्हणत. बायकांच्या बुटांचा पहिला नमुना आमच्याकडे सदतीस नंबरचाच बनतो, आणि मावशीचं पाऊल सदतीसला तंतोतंत होतं. लांबी, रुंदी, टाच, कमान, सगळं मापून दिल्यासारखं. नवा नमुना तयार झाला की पॅटर्न कापणारे मास्तर तो घेऊन येत. मावशी तो घालून वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे चाले, जिना चढून उतरे, आणि मग मास्तर विचारत, "कुठे चावतोय?" ती बोट लावून दाखवी, मास्तर तिथे खडूने खूण करून नमुना परत नेत. तिने "झकास" म्हटल्याशिवाय एकही बूट पुढे जात नसे. बावीस वर्षं हे चाललं. हजारो बायकांच्या पायात काय जायचं ते माझ्या मावशीचं पाऊल ठरवत होतं, आणि तिला ते चांगलंच ठाऊक असल्यामुळे तिचं नाक जरा वरच असे.

चाचणी झालेले नमुने तिलाच मिळत. म्हणजे दुकानात जी फॅशन पुढच्या हिवाळ्यात येणार, ती मावशीच्या पायात या उन्हाळ्यातच दिसायची. गल्लीतल्या बायका तिच्याशी बोलताना खाली बघूनच बोलत. तिचं घर दोन खोल्यांचं. त्यातल्या मोठ्या खोलीची एक अख्खी भिंत बुटांच्या खोक्यांनी भरलेली, प्रत्येक खोक्यावर आतल्या बुटाचा फोटो चिकटवलेला, आणि स्वतःची कॉट मात्र दाराआड कोपऱ्यात. आई म्हणायची, "हिने लग्न केलं नाही ते बरंच झालं, नवऱ्याला ठेवलं असतं कुठे?"

कपडे मात्र मोजकेच होते. लोकांना वाटायचं, हिच्याकडे कपाटं भरून असतील. कसली कपाटं! चार पँटी, तीन स्कर्ट, सहा-सात शर्ट, एक राखाडी कोट. "आधी पाय, मग वरचं सगळं," असं ती मला शिकवायची. "बूट बोलका असेल तर कपड्यांनी गप्प बसावं. दोघंही एकदम बोलायला लागले की माणूस दिसतच नाही." पँटची लांबी ती बुटाच्या टाचेप्रमाणे ठरवी, त्यामुळे प्रत्येक पँट ठराविक तीन-चार जोडांवरच जाई. एखादा शर्ट वर्षभर अंगावर चढला नाही की तो सरळ देऊन टाकी. मी दर पगाराला काहीतरी चमचमतं घेऊन यायचे आणि तिच्याकडून बोलणी खायचे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर यायला लागलं. मला ते पायावरून कळलं नाही, खोक्यांवरून कळलं. टोकदार बुटांची खोकी हळूच वरच्या फळीवर गेली. मग उंच टाचांची गेली. मागोमाग त्यांच्यावर घालायच्या पँटीही गेल्या. शेवटी तिच्या अंगावर रोज तीच काळी पँट, तोच पांढरा शर्ट आणि पायात मऊ चामड्याचे सपाट बूट. गंमत म्हणजे शिलाई विभागातल्या मुलींना वाटलं, हीच नवी फॅशन. महिन्याभरात निम्मा विभाग काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून यायला लागला. मी हसत हसत तिला हे सांगायला गेले, तर ती बाथरूममध्ये स्टुलावर बसून बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून ओठ चावत होती.

"अकरा वाजता चाचणी आहे," ती म्हणाली. "सूज उतरली की बसतो बूट."

"मावशी, वेड लागलंय का तुला? डॉक्टरकडे चल."

डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि एका मिनिटात निकाल दिला. ऑपरेशन करावं लागेल, आणि केलं तरी पाऊल पहिल्यासारखं होणार नाही, पुढचं आयुष्य रुंद, सपाट चपला. मावशीने मान डोलावली, बाहेर आली आणि रस्त्यात मला म्हणाली, "कारखान्यात एक शब्द बोललीस तर माझं तोंड बघू नकोस."

मी बोलले नाही. मी तयार मालाच्या तपासणीत काम करते, बोलणं माझं कामच होतं, पण नाही बोलले. तिचं पाऊल गेलं की तिची जागा गेली, हे मला समजत होतं. पन्नाशीला आलेल्या बाईला दुसरीकडे कोण विचारणार? पैशांचं एक वेळ जाऊ दे, सदतीस नसलेली मावशी सकाळी उठून करणार काय, हेच मला सुचत नव्हतं.

तिने मग एक हिशेब शोधून काढला. नमुना घातला की आधी हाडाचं दुखणं ओळखायचं, ते वजा करायचं, आणि उरेल तेवढंच बुटाच्या नावावर टाकायचं. "बावीस वर्षं पाय वाचतेय मी," ती म्हणायची, "माझं कुठलं आणि बुटाचं कुठलं, मला कळतं." आणि खरंच, दीड वर्ष कळलंही. पाचपन्नास नमुने तिने असे पास केले, एकाचीही तक्रार आली नाही. मला वाटलं, निभावलं.

दर तीन महिन्यांनी मास्तर तिचं पाऊल खाकी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवत. कारखान्याचा नियमच तसा. तेवढ्यापुरतं ती पाय घट्ट आवळून उभी राही. कागद नेहमी बरोबर यायचा, आणि ते तिच्याच युक्तीमुळे, अशी आमची दोघींची समजूत होती.

गेल्या हिवाळ्यासाठी घोट्यापर्यंतचा टोकदार बूट निघाला. दिसायला असा की बघताक्षणी पायात घालावासा वाटावा. मावशी चालली, जिना चढली, उतरली. तिच्या कपाळावर घाम होता. मास्तरांनी विचारलं, "कुठे चावतोय?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "झकास."

चार हजार जोड गेले. दीड महिन्यात परत यायला लागले. आधी पिशव्यांमधून, मग पोत्यांमधून. सगळ्यांची एकच तक्रार, अंगठ्यापाशी सहन होत नाही.

मॅनेजर मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मास्तर, मावशी, आणि तपासणीतर्फे मी. टेबलावर बुटांचा ढीग. मॅडमनी मोजपट्टी लावून दाखवलं, पास झालेल्या नमुन्यापेक्षा माल दोन मिलिमीटर अरुंद होता. दोन मिलिमीटर म्हणजे आमच्या तपासणीत चालून जाणारा फरक, म्हणून मीही पास केला होता.

"पॅटर्न आत कोणी घेतला?" मॅडमनी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले. "हात चुकला माझा."

"हात चुकला? तीस वर्षांनी? चार हजार जोड, मास्तर!"

मास्तर खाली बघत राहिले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आणि मी, लाज वाटते सांगायला, मनात देवाचा धावा करत होते की मावशीने गप्प बसावं. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. तिने तो सोडवून घेतला, खुर्चीवर बसली आणि बूट काढायला लागली. मोजा निघेना. निघाला तेव्हा आतून रबराचे तुकडे पडले, मग ती पायाला गुंडाळलेली पट्टी उलगडायला लागली. उघड्या पायाकडे मला बघवेना.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मास्तरांचं काही चुकलेलं नाही. तो नमुनाच घट्ट होता. मला चावत होता. मला वाटलं, ते माझं हाड."

मास्तरांनी एकदम वर बघितलं. "चावत होता? अगं, मग झकास कशाला म्हणालीस?" त्यांचा आवाज चिरकला. "मला ठाऊक होतं तुझ्या पायाचं. कागदावर पेन्सिल मीच आत वळवत होतो, वर्षभर. मी म्हटलं, एवढ्या रुंद पायाला हा टोकदार बूटही झकास बसतो, म्हणजे बाकीच्यांना ढगळ होणार. म्हणून मी आत घेतला."

एकमेकांना सांभाळून घेता घेता दोघांनी तो बूट कोणालाच घालता येणार नाही असा करून ठेवला होता. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही कामाला लागा. ताई, तुम्हाला गोदामात बसून करायचं काम देते. नवीन पाऊल मला उद्याच्या उद्या हवं, उन्हाळ्याचे नमुने अडलेत."

घरी येऊन मावशी खोक्यांच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. "मला दुसरं काही येत नाही गं," एवढंच म्हणत राहिली. "चालण्याशिवाय मला काहीच येत नाही." मी बर्फाचं पाणी आणून तिचा पाय त्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागांतल्या मुलींना नमुन्यांच्या खोलीत रांगेत उभं केलं. मावशीही आली होती, पायात रुंद चपला, नव्या मुलीला चालायचं कसं ते दाखवायला. कोणाची टाच बारीक, कोणाची बोटं लांब. सोळा मुली गेल्या, एकीचंही पाऊल बसेना. मग माझा नंबर आला. माझं पाऊल कसं आहे ते मला माहीत होतं. मावशीचे जुने नमुने घालूनच मी कॉलेज केलं होतं.

मी बुटात पाय घातला आणि आतल्या आत बोटं आखडून घेतली. टाच वर राहिली. मास्तर वाकून बघत म्हणाले, "नाही बसत."

"बोटं सरळ कर," मावशी म्हणाली.

"मावशी..."

"सरळ कर म्हणते ना. मास्तरांना फसवलं तेवढं पुरे झालं."

ती माझ्यासमोर खाली बसली. उजवा पाय वाकवताना तिला दुखलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. तिने बुटाची टाच धरून माझा पाय आत बसवला, चेन लावली आणि माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली. मी वीस पावलं पुढे गेले, वीस मागे आले, जिना चढले, उतरले. रांगेतल्या सगळ्या मुली बघत होत्या.

"कुठे चावतोय?" मास्तरांनी विचारलं.

कुठेच चावत नव्हता, आणि तिच्यासमोर उभं राहून मला तेच सांगावं लागलं.